अवधाण उतरलं, मग मेमरी सेल्स गेल्या कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायाच्या बोटाजवळ खरचटलं, ते चिघळलं, दोन-तीन दिवसांत जांघेत अवधाण आलं, म्हणजे तिथली गाठ सुजली, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि आठवड्याभरात पायही बरा झाला आणि गाठही बसली. आता विचारणाऱ्यांनी कुठेतरी वाचलंय की मेमरी सेल्स, म्हणजे एकदा भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी, त्या गाठीतच तयार होतात, त्यामुळे त्यांना वाटतंय की गाठ बसली म्हणजे मेमरीही गेली का, शिवाय औषध लगेच घेतल्यामुळे ती अर्धवटच राहिली का. आणि शेवटी एक ओळ, की मेमरी बनतेच तर मग मला वर्षातून दोनदा करट का होतं.

मी बरीच वर्षं इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये आहे आणि त्यातला मोठा काळ त्वचेचं इन्फेक्शन आणि लिम्फ नोड (म्हणजे हीच सुजणारी गाठ) यावरच गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पेशंट तपासत नाही, त्यामुळे तुमच्या पायाबद्दल डॉक्टर सांगतील तेच खरं. पण प्रश्न मला फार आवडला, कारण यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्यात: गाठ सुजणं, मेमरी तयार होणं आणि मेमरी टिकून राहणं. या तिन्हींची वेळ वेगळी आहे, आणि तिसरीची तर जागाही बऱ्याच प्रमाणात वेगळी आहे. हे एकदा सुटं केलं की पुढचं सोपं होतं.

आधी हे बघू की इन्फेक्शन पायाला असताना जांघेतल्या गाठीचा संबंधच काय. आपल्या शरीरात टी सेल्स, म्हणजे जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, प्रचंड आहेत पण प्रत्येकीला एकच ठराविक तुकडा ओळखता येतो. एखाद्या जंतूचा एक विशिष्ट तुकडा ओळखणारी, आधी कधीच कामाला न लागलेली टी सेल साधारण लाखात एक ते दहा लाखात एक एवढीच असते. अशा मोजक्या सेल्सनी सगळी त्वचा फिरून शोधायचं ठरवलं तर भेट होणारच नाही. म्हणून व्यवस्था उलटी आहे, त्वचेतला माल नोडमध्ये आणला जातो आणि टी सेल्स रक्तातून एका नोडमध्ये उतरतात, अर्धा-पाऊण दिवस तिथे चाळून बघतात, काही सापडलं नाही तर पुढच्या नोडकडे निघतात. हा रस्ता किती महत्त्वाचा आहे हे फ्राय आणि वेंक यांनी १९५७ मध्ये गिनीपिगवर दाखवलं. त्वचेचा एक तुकडा असा सोडवला की रक्तपुरवठा चालू पण लिम्फच्या नळ्या (त्वचेतलं पाणी नोडकडे नेणाऱ्या) तुटलेल्या, आणि त्यावर ॲलर्जी करणारं केमिकल लावलं, तर प्राण्याला त्याची ॲलर्जी झालीच नाही. नळ्या शाबूत ठेवल्या तर झाली. म्हणजे त्वचेवर काहीही घडलं तरी त्याची खबर नोडपर्यंत गेली नाही तर शरीर त्यातून काही शिकत नाही.

खबर नेणाऱ्या पेशी म्हणजे डेंड्रिटिक सेल्स. त्वचेच्या वरच्या थरातल्या अशा पेशी पॉल लँगरहान्स यांनी १८६८ मध्येच पाहिल्या होत्या, पण फांद्याफांद्यांचा आकार बघून त्यांना त्या नर्व्हच्या वाटल्या. त्यांच्या याच जातकुळीचं खरं काम कळायला १९७३ उजाडावं लागलं, राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत डेंड्रिटिक सेल्स ओळखल्या, आणि पुढे २०११ चं नोबेल स्टाइनमनना त्यासाठी मिळालं. या सेल्स जंतूचे तुकडे गिळतात, जंतूमुळे धोक्याचा सिग्नल मिळाला की त्यांच्या अंगावर सीसीआर-७ नावाचा रिसेप्टर येतो, आणि त्याच्या आधाराने वास घेत घेत गेल्यासारख्या त्या लिम्फच्या नळीत शिरतात. लॅबमध्ये नवीन विद्यार्थी आला की मी त्याला पहिल्यांदा हेच करायला लावते, उंदराच्या कानाच्या त्वचेवर चमकणारा रंग लावायचा आणि दुसऱ्या दिवशी मानेतला नोड काढून बघायचा. रंग घेतलेल्या डेंड्रिटिक सेल्स तिथे पोचलेल्या दिसतात. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय तरी अजूनही मायक्रोस्कोपला डोळा लावला की छान वाटतं.

सगळ्याच डेंड्रिटिक सेल्स एकाच वेळी पोचतात असं मात्र नाही. त्वचेच्या खालच्या थरातल्या लवकर येतात, वरच्या थरातल्या लँगरहान्स सेल्सना तीन-चार दिवसही लागतात. आणि आणणारी एक, दाखवणारी दुसरी असंही होतं. उंदराच्या त्वचेतल्या हर्पिसमध्ये, म्हणजे फोड आणणाऱ्या एका विषाणूच्या इन्फेक्शनमध्ये, सगळ्यांना वाटायचं लँगरहान्स सेल्सच टी सेल्सना जागं करत असणार, पण २००३ मध्ये दिसलं की ते काम नोडमधल्या वेगळ्याच डेंड्रिटिक सेल्स करतात. कुठला जंतू आहे त्यावर हे बदलतं.

आता तुमचं अवधाण. लोकांना वाटतं गाठ सुजली म्हणजे आत पेशी भराभर वाढतायत. ते होतं, पण नंतर. पहिल्या एक-दोन दिवसांतली सूज मुख्यतः या कारणाने असते की आत येणं वाढतं आणि बाहेर जाणं बंद होतं. इन्फेक्शनच्या सिग्नलमुळे नोडला रक्त जास्त येतं, त्यातून लिम्फोसाइट्स (टी सेल्स आणि त्यांच्या जातीच्या पांढऱ्या पेशी) जास्त उतरतात, आणि इंटरफेरॉन नावाच्या सिग्नलमुळे त्यांच्या अंगावर सीडी-६९ नावाचं प्रोटीन येतं जे बाहेर पडायला लागणारा रिसेप्टर आत ओढून घेतं. म्हणजे येणाऱ्यांना आत घेतलं आणि दरवाजा लावला. का, तर ती लाखातली एक सापडायची शक्यता वाढावी म्हणून. वर नोडचा आतला सांगाडा ज्या पेशींनी ताणून धरलेला असतो, त्यांना डेंड्रिटिक सेल्स सैल पडायला लावतात, त्यामुळे जागा होते. एका बाजूच्या कानाला इन्फेक्शन दिलं की दुसऱ्याच दिवशी त्या बाजूचा नोड दुसऱ्या बाजूपेक्षा मोठा झालेला नुसत्या डोळ्यांनी कळतो, आणि तेव्हा आत त्या जंतूला ओळखणाऱ्या टी सेल्स अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. म्हणून गाठीच्या आकारावरून मेमरीचा अंदाज बांधू नका. मोठं अवधाण म्हणजे जास्त मेमरी असं नाही, आणि गाठ बसणं हे दार परत उघडल्याचं लक्षण आहे, काही पुसलं गेल्याचं नाही.

आत भेट झाल्यावर काय होतं ते जिवंत नोडमध्ये मायक्रोस्कोपने बघता येतं. पहिले साधारण आठ तास टी सेल डेंड्रिटिक सेल्सना नुसती भेटते आणि सोडते, भेटते आणि सोडते. मग एकीला चिकटून बसते, पुढचे दहा-बारा तास. मग सुटते आणि विभागायला लागते, आणि ऐन भरात दर सहा-आठ तासांनी एकाच्या दोन होतात. सुरुवातीच्या शंभर-दोनशे सेल्सचा आकडा सात-आठ दिवसांत काही लाखांच्या वर जातो. म्हणजे बघा, तुमचा पाय बरा होत आला होता तेव्हा ही गर्दी कदाचित सगळ्यात जास्त होती.

इथेच तुमच्या अँटिबायोटिकच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पूर्वी समज होता की जंतू जितके दिवस राहील तितके दिवस टी सेल्स वाढतील आणि जंतू गेला की थांबतील. २००० च्या आसपास वेगवेगळ्या लॅबनी हे तपासलं. उंदरांना लिस्टेरिया नावाच्या जंतूचं इन्फेक्शन दिलं आणि २४ तासांनी अँटिबायोटिक देऊन जंतू संपवला, तरी टी सेल्सची वाढ जवळजवळ तेवढीच झाली जेवढी औषध न देता होते. दुसऱ्या प्रयोगांत टी सेल्सना साधारण एक दिवसच तुकडा दाखवून बाजूला केलं तर त्यांनी पुढचं विभागणं, लढणारी पेशी होणं आणि मेमरी बनणं हे सगळं स्वतःच पुरं केलं. एकदा धक्का मिळाला की कार्यक्रम पुढे चालतो. तुमचं अवधाण आलं तेव्हाच हा धक्का मिळून गेला होता आणि गोळी त्यानंतर सुरू झाली. त्यामुळे औषधाने मेमरी बुडाली ही भीती मनातून काढून टाका, आणि कृपा करून कोणीही मेमरी चांगली व्हावी म्हणून अँटिबायोटिक उशिरा सुरू करू नका किंवा मध्येच थांबवू नका. चिघळलेल्या जखमेतून रक्तात जंतू गेला तर मेमरीचा विचार करायला वेळच उरत नाही.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगते. वरचं मी मुख्यतः सीडी-८ टी सेल्सबद्दल, म्हणजे जंतू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या गटाबद्दल, म्हणतेय. सीडी-४ टी सेल्स (बाकीच्यांना मदत करणाऱ्या) आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या बी सेल्स यांना जंतूचा माल जास्त काळ लागतो. आणि इन्फेक्शन अगदीच किरकोळ असेल, धोक्याचा सिग्नल जेमतेम असेल, तर मुळात धक्काच कमी बसतो.

सात-आठ दिवसांनंतरचा टप्पा मला सगळ्यात जास्त गुंतवणारा वाटतो. वाढलेल्या टी सेल्सपैकी ९० ते ९५ टक्के पुढच्या काही आठवड्यांत मरतात, उरलेल्या ५-१० टक्के म्हणजे मेमरी. कोण उरणार हे नशिबावर सोडलेलं नसतं. गर्दी शिगेला असतानाच काही सेल्सच्या अंगावर आयएल-७ या जगवणाऱ्या सिग्नलचा रिसेप्टर जास्त असतो, आणि पुढे टिकतात त्या बहुतेक याच. डेंड्रिटिक सेलला पहिल्यांदा चिकटताना कोणाला किती जोराचा आणि किती वेळ सिग्नल मिळाला, आजूबाजूला सूज वाढवणारी केमिकल्स किती होती, यावर कोण लढून संपणार आणि कोण मागे राहणार हे झुकतं. जास्त जोर, जास्त सूज म्हणजे लढणाऱ्या जास्त. नेमकं कधी ठरतं, पहिल्याच विभागणीत की नंतर हळूहळू, यावर आमच्या क्षेत्रात अजून वाद आहे, आणि मला स्वतःला वाटतं की दोन्ही होत असणार, काही सेल्सचं लवकर ठरतं आणि काहींना बराच काळ दोन्ही वाटा उघड्या असतात. एक मात्र पक्कं, सीडी-४ टी सेल्सची मदत सुरुवातीला मिळाली नसेल तर सीडी-८ सेल्स पहिली लढाई लढतात पण दुसऱ्यांदा जंतू आला की नीट वाढत नाहीत. म्हणजे पहिल्या वेळी सगळं ठीक दिसतं, उणीव दुसऱ्या वेळी उघडी पडते.

मग या राहतात कुठे. १९९९ मध्ये सालुस्टो, लान्झाव्हेकिया आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तात मेमरी टी सेल्सचे दोन गट दाखवले. एक सेंट्रल मेमरी, ज्यांच्यावर सीसीआर-७ असतो म्हणून त्या नोड ते नोड फिरत राहतात आणि गरज पडली की पुन्हा भरपूर वाढतात. दुसऱ्या इफेक्टर मेमरी, ज्या बाहेरच्या भागांत जाऊ शकतात आणि लगेच काम करतात. पुढे तिसरा गट कळला आणि त्वचेसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, रेसिडेंट मेमरी, म्हणजे त्वचेतच मुक्काम ठोकणाऱ्या. २००९ मध्ये उंदराच्या हर्पिसमध्ये हे स्वच्छ दिसलं, बऱ्या झालेल्या जागेवर टी सेल्स राहून गेल्या होत्या, रक्तात परत येत नव्हत्या, आणि पुन्हा विषाणू आला तर तिथेच अडवत होत्या. माणसातही बऱ्या झालेल्या हर्पिसच्या जागी महिने उलटले तरी अशा सेल्स सापडल्यात. निरोगी माणसाच्या त्वचेत मिळून सुमारे २० अब्ज टी सेल्स असतात असा अंदाज आहे, रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट.

यात मी स्वतः एकदा चांगलीच चुकले होते. सुरुवातीच्या वर्षांत इन्फेक्शननंतर महिन्याभराने नोड आणि रक्त तपासायचे, आकडे कमी यायचे, आणि मी वहीत लिहून ठेवलं होतं की या जंतूविरुद्ध मेमरी कच्ची आहे. मग एका सीनियरने विचारलं, त्वचा बघितलीस का. बघितली नव्हती. बघितली तर तिथे होत्या. पुढे हेही कळलं की त्वचा एन्झाइमने विरघळवून पेशी मोजल्या तर निम्म्याहून जास्त हातातून निसटतात, त्याच त्वचेचा पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली मोजला तर आकडा कितीतरी मोठा येतो. तेव्हापासून फक्त रक्ताच्या रिपोर्टवरून कोणी म्हणालं की मेमरी संपली तर मी आधी विचारते की कुठे शोधली.

पण नोडचं श्रेय इथेही जात नाही. त्वचेकडे जायचा पत्ता नोडमध्येच मिळतो. त्वचेतून आलेली डेंड्रिटिक सेल टी सेलला नुसतं कोणाशी लढायचं एवढंच सांगत नाही, कुठे जायचं तेही सांगते, म्हणून त्वचेच्या नोडमध्ये तयार झालेल्या सेल्सवर त्वचेत उतरायला लागणारी प्रोटीन्स येतात आणि आतड्याच्या नोडमधल्यांवर आतड्याची. २०१९ मध्ये तर असं दिसलं की त्वचेतून येणाऱ्या डेंड्रिटिक सेल्स टीजीएफ-बीटा नावाचा सिग्नल चालू करून अजून कामाला न लागलेल्या टी सेल्सनाही आधीच तयार करून ठेवतात, म्हणजे पुढे इन्फेक्शन झालं की त्यातल्या त्वचेत मुक्काम करू शकतील. आणि एकाच मूळ टी सेलच्या वंशातल्या काही त्वचेत राहतात, काही नोडमध्ये फिरत राहतात. गोस्तनदेवीच्या (गाईंना होणाऱ्या देवीच्या) विषाणूच्या जातीचा व्हॅक्सिनिया उंदराच्या त्वचेत टोचला तर रेसिडेंट सेल्स टोचलेल्या जागी सगळ्यात जास्त पण बाकीच्या त्वचेतही थोड्या पसरलेल्या सापडतात.

बी सेल्सचं थोडक्यात, नाहीतर फार लांबेल. त्याच नोडमध्ये, आठवड्याभराने, जर्मिनल सेंटर नावाचे पुंजके तयार होतात. तिथे बी सेल्स मुद्दाम आपल्या अँटिबॉडीच्या जीनमध्ये बदल करत राहतात आणि ज्यांची पकड सुधारली त्यांना टी सेल्सकडून पुढे जायची परवानगी मिळते, बाकीच्या मरतात. साधारणपणे मेमरी बी सेल्स लवकर बाहेर पडतात, आणि पकड खूप पक्की झालेल्या प्लाझ्मा सेल्स उशिरा, त्यातल्या बऱ्याच बोनमॅरोमध्ये जाऊन वर्षानुवर्षं अँटिबॉडी सोडत राहतात. जर्मिनल सेंटर काही आठवडे चालू राहतं, म्हणून पाय बरा झाल्यावरही जांघेत बारीकशी, न दुखणारी, हलणारी गाठ काही दिवस हाताला लागली तर नवल नाही.

म्हणजे तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांपुरतं: मेमरी नोडमध्ये ठरते पण तिथे साठवून ठेवलेली नसते, ती त्वचेत, रक्तात, बाकीच्या नोड्समध्ये आणि बोनमॅरोमध्ये वाटली जाते. आणि तुमच्या औषधाने ती अडली नाही.

आता करट, आणि हा खरा अवघड भाग. त्वचेतून मिळालेली मेमरी किती टिकू शकते याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे देवीची लस. एडवर्ड जेनरने १७९६ मध्ये गोस्तनदेवीच्या फोडातला द्रव एका मुलाच्या हाताच्या त्वचेत टोचला, पुढे त्याच मार्गाने जाऊन १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. २००३ मध्ये छापलेल्या अभ्यासात लस घेऊन २५ ते ७५ वर्षं झालेल्या लोकांच्या अँटिबॉडी जवळजवळ तशाच होत्या, आणि टी सेल्स ८ ते १५ वर्षांत निम्म्या होत जातात पण शिल्लक होत्या. मग करटात काय बिनसतं?

करट बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होतं. हा जंतू माणसासोबत राहायला फार चांगला शिकलाय. सुमारे तीनातल्या एका माणसाच्या नाकात तो काही त्रास न देता असतो. त्याचं प्रोटीन ए आपल्या अँटिबॉडीला उलट्या बाजूने, दांड्याकडून पकडतं, त्यामुळे ती चिकटते पण ज्या पांढऱ्या पेशीने तिला धरून जंतू गिळायचा तिला धरायलाच काही उरत नाही. तेच प्रोटीन भलत्याच बी सेल्सना उठवतं आणि नेमकी अँटिबॉडी मागे पडते. त्याची विषं पांढऱ्या पेशींना फोडतात. म्हणजे मेमरी बनतच नाही असं नाही, स्टॅफविरुद्ध अँटिबॉडी आणि टी सेल्स बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांत सापडतात, पण त्या पुरेसं संरक्षण देत नाहीत. स्टॅफची लस बनवायचे मोठे प्रयत्न झाले, माणसांवरच्या ट्रायलमध्ये अजून एकही लस टिकली नाही, आणि माझ्या मते याचं एक कारण हे की बराच काळ सगळा भर अँटिबॉडीवर होता, त्वचेतल्या टी सेल्स आणि त्यांनी बोलावलेल्या न्यूट्रोफिल्स या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींकडे कमी लक्ष गेलं. हर्पिसचं दुखणं वेगळं आहे, तिथे मेमरी चांगली असते पण विषाणू नर्व्हच्या पेशीत लपून बसतो, मेमरी त्याला बाहेर आल्यावर आवरते, मुळातून काढू शकत नाही.

तेव्हा वर्षातून दोनदा करट होणं याचा अर्थ तुमची इम्युनिटी कमजोर आहे असा सरळ लावू नका. बहुतेकदा जंतू नाकातून किंवा काखेतून त्वचेवर परत परत येत असतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना पू कल्चरला पाठवता येईल का विचारा, नाकाचा स्वॅब घ्यायचा का ते विचारा, आणि शुगर एकदा तपासून घ्या कारण डायबिटीसमध्ये हे जास्त होतं. घरात आणखी कोणाला करट होत असेल तर तेही सांगा, टॉवेल आणि रेझर वेगळे ठेवा. आणि जखमेपासून वर चढणारी लाल रेघ दिसली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. गाठ चार आठवड्यांनंतरही मोठीच असेल, टणक असेल किंवा जागेवर घट्ट बसलेली वाटत असेल, तर ती दुखत नसली तरी दाखवून घ्या.